गीतेला 294.5924, बायबलला 220: ग्रंथालयातले आकडे आले कुठून?

पुस्तकांना विषयवार आकडे देणारी ड्युई पद्धत वापरणाऱ्या पुण्यातल्या एखाद्या कॉलेजच्या ग्रंथालयात धर्माच्या कपाटासमोर उभे राहा आणि पुस्तकांच्या पाठीवर डकवलेल्या चिठ्ठ्या वाचा. बायबल 220. वेद 294.5921. रामायण 294.5922, महाभारत 294.5923, भगवद्गीता 294.5924. धर्म या विषयाला 200 ते 299 असे शंभर आकडे दिलेले आहेत. त्यातले 220 ते 289 हे सत्तर आकडे बायबल आणि ख्रिस्ती धर्मासाठी. उरलेल्या जगाचे धर्म 290 ते 299 या दहा आकड्यांत. त्यातही बौद्ध 294.3, जैन 294.4, हिंदू 294.5, शीख 294.6 अशी चौघांची एकाच आकड्यात दाटीवाटी.

हे पहिल्यांदा लक्षात आलं की कुणी चिडतं, कुणाला हसू येतं, तर कुणाला त्यात मिशनऱ्यांचा डाव दिसतो. काउंटरवर विचारलं तर ‘ड्युईमध्ये तसंच आहे’ असं उत्तर मिळतं. उत्तर खरं आहे, पण त्याने कुणाचं समाधान होत नाही.

हा आकडा असतो तरी काय?

पुस्तकं विषयवार लावायच्या शास्त्राला वर्गीकरण म्हणतात आणि विषयानुसार पुस्तकाला मिळणाऱ्या आकड्याला वर्गांक. हे दोन शब्द कळले की पुरे, बाकीची परिभाषा बाजूला ठेवू.

वर्गांक म्हणजे पुस्तकाचा पत्ता, आणि पुणेकराला पत्त्यांचा इतिहास वेगळा सांगायला नको. पेठेत वाड्याला सरळ आकडा असतो, म्हणजे अमुक नंबर, सदाशिव पेठ. शहर वाढून आजूबाजूची गावं आत आली, तिथला पत्ता होतो सर्व्हे नंबर अमुक, हिस्सा नंबर अमुकचा अमुक. दोन्ही घरं तितकीच पक्की, पण पत्ता वाचताच कळतं की आकडे टाकायला बसलेल्या माणसाच्या नकाशात मध्यभागी कोण होतं आणि कुणाला मागाहून सामावून घेतलं. गीतेच्या पत्त्यातला दशांशचिन्हापुढचा 5924 हा असाच हिस्सा नंबर आहे.

ड्युई बसले होते कुठे?

मेल्विल ड्युई यांनी ही पद्धत 1876 मध्ये छापली तेव्हा ते अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या अ‍ॅमहर्स्ट कॉलेजात ग्रंथालयाचं काम करत होते. पहिली आवृत्ती जेमतेम 44 पानांची होती. हे कॉलेज 1821 मध्ये निघालं तेच मुळात गरीब घरच्या धार्मिक वृत्तीच्या मुलांना शिकवून धर्मोपदेशक करावं म्हणून. तिथल्या कपाटांत बायबलवरची भाष्यं, चर्चचा इतिहास, प्रवचनं, पंथापंथांचे वाद भरलेले असणार हे उघड आहे. ड्युईंनी समोर जी पुस्तकं होती त्यांना जागा दिली. जिथे पुस्तकं जास्त तिथे आकडे जास्त, हा वर्गीकरणाचा साधा नियम आहे, आणि त्या इमारतीपुरता तो बरोबरच होता.

घोटाळा झाला तो पुढे. एका कॉलेजचा नकाशा जगभर गेला. सोपा होता, छापील मिळत होता, आणि ग्रंथपाल तयार करणाऱ्या पहिल्या शाळाही ड्युई आणि त्यांच्या शिष्यांच्याच होत्या. आपल्याकडे सयाजीराव गायकवाडांनी 1910 मध्ये बडोद्यात ग्रंथालयांची घडी बसवायला विल्यम बॉर्डन यांना बोलावलं, तेही अमेरिकनच.

तेव्हा डाव म्हणावा असं यात काही दिसत नाही. पण ‘तांत्रिक बाब आहे, सोडून द्या’ हेही मला पटत नाही. ड्युई हे माणूस म्हणूनही साधे नव्हते. ज्यूंना मज्जाव करणारा क्लब ते चालवत होते. स्त्रियांशी गैरवर्तनाच्या तक्रारींचीही त्यात भर पडली आणि अमेरिकेतल्या ग्रंथालय संघटनेने 2019 मध्ये आपल्या पदकावरून त्यांचं नाव काढून टाकलं.

चर्चचा आणि ग्रंथालयाचा एवढा घरोबा का?

उत्तरासाठी ड्युईंच्या तेराशे वर्षं मागे जावं लागतं. सहाव्या शतकात रोमन सत्ता मोडकळीला आल्यावर युरोपात पुस्तकं सांभाळायला फारसं कुणी उरलं नव्हतं. संत बेनेडिक्ट यांनी मठांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्या 48 व्या प्रकरणात एक कलम आहे: ईस्टरआधीच्या उपासकाळात प्रत्येक साधूला मठातलं एकेक पुस्तक द्यावं आणि त्याने ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचावं. वाचन हे उपासनेतच जमा झालं. मग पुस्तक हवं, ते नकलून काढणारा हवा, ठेवायला जागा हवी आणि कुणाकडे काय गेलं याची नोंद ठेवणारा माणूसही हवा. ग्रंथपालाचं काम असं प्रार्थनेच्या वेळापत्रकातून उभं राहिलं.

त्याच शतकात दक्षिण इटलीत कॅसिओडोरस या निवृत्त दरबारी अधिकाऱ्याने विवारियम नावाचा मठ काढला. काय वाचावं, कशानंतर काय वाचावं, याची टिपणांसह यादी त्यांनी साधूंसाठी केली. व्याकरण, गणित, वैद्यक या ‘ऐहिक’ विषयांनाही तिच्यात जागा होती. धर्मग्रंथ नीट कळायला हे सगळं लागतं, असा त्यांचा युक्तिवाद. पुढची कित्येक शतकं ग्रीक-लॅटिन विद्येचा बराच भाग मठांत टिकला तो या एका युक्तिवादाच्या आधारावर.

अकराव्या शतकात कँटरबरीचे आर्चबिशप लॅनफ्रँक यांनी मठांसाठी जे नियम घालून दिले, त्यातला वार्षिक देवघेवीचा प्रसंग मला फार आवडतो. सभागृहात गालिचा अंथरायचा आणि मठातली पुस्तकं त्यावर मांडायची. गेल्या वर्षी दिलेली पुस्तकं ज्याने त्याने हातात घेऊन यायचं. ग्रंथपाल यादी वाचतो, नाव पुकारलं की साधू उठून पुस्तक परत करतो. ज्याचं वाचून पुरं झालेलं नाही, त्याने सगळ्यांसमोर जमिनीवर लोटांगण घालून चूक कबूल करायची आणि क्षमा मागायची. मग पुन्हा वाटप, आणि कुणाला कोणतं पुस्तक गेलं याची नोंद. साठा तपासणी, परतीची तारीख, थकबाकीदारांची यादी असं सगळं त्या गालिच्यावर उरकलं जाई. आपल्याकडे मुदत उलटल्यावर निमूट दंड भरून सुटता येतं, हे वाचकाने ध्यानात ठेवावं.

आता हे फक्त ख्रिस्ती मठांतच घडलं असं कुणी समजू नये. जैनांची पाटण आणि जेसलमेरची ज्ञानभांडारं शतकानुशतकं टिकली. ज्ञानपंचमीला पोथ्या बाहेर काढून झाडायच्या, हा धर्माचाच भाग आहे. आपल्याकडे धुळ्याला शंकरराव देवांनी रामदासी मठांतली बाडं गोळा करून समर्थ वाग्देवता मंदिर उभं केलं, त्यामागेही भक्तीच होती. फरक एवढाच की मठ, चर्चची कॉलेजं आणि विद्यापीठं ही साखळी युरोपात तुटली नाही, छापखाना तिला येऊन जोडला गेला, आणि तिचं शेवटचं टोक इंग्रजी अमलात आपल्यापर्यंत आलं.

पण पुस्तकांवर बंदी घालणारेही तेच ना?

हो. कॅथलिक चर्चची निषिद्ध पुस्तकांची यादी रोममधून 1559 मध्ये निघाली आणि 1966 मध्ये रद्द झाली. म्हणजे चारशेहून जास्त वर्षं काय वाचायचं नाही याची अधिकृत सूची होती. गोव्यात पोर्तुगीज अमलात देशी भाषांतल्या पोथ्या नष्ट केल्या गेल्या, हा इतिहास आहे आणि त्यावर पांघरूण घालण्याचं कारण नाही.

गंमत अशी की त्याच सोळाव्या शतकात त्याच गोव्यात जेझुइटांनी, म्हणजे एका कॅथलिक धर्मसंघाच्या पाद्र्यांनी, रामायण-महाभारताच्या मराठी-कोंकणी कथा रोमन लिपीत उतरवून घेतल्या. त्यांचा हेतू प्रचाराचा होता, ज्यांच्यात काम करायचं त्यांची भाषा आणि कथा कळाव्यात हा. ती बाडं आज पोर्तुगालमध्ये ब्रागा इथल्या सार्वजनिक ग्रंथालयात आहेत आणि जुन्या मराठी-कोंकणी गद्याच्या अभ्यासकांना त्यांच्याकडे वळावंच लागतं. एका हाताने जाळायचं आणि दुसऱ्या हाताने नक्कल करून ठेवायचं, या दोन्ही गोष्टी एकाच व्यवस्थेने केल्या. कुठलीही एकच बाजू सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

रंगनाथनांनी उलटं करून पाहिलं

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक शि. रा. रंगनाथन मूळचे गणिताचे. त्यांचं शिक्षण मद्रास ख्रिश्चन कॉलेजात झालं आणि तिथले प्राध्यापक एडवर्ड रॉस यांना त्यांनी आयुष्यभर गुरू मानलं. 1924 मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, इंग्लंडला जाऊन शिकून आले आणि 1933 मध्ये त्यांनी स्वतःची द्विबिंदू पद्धत छापली.

या पद्धतीत धर्माचं अक्षर आहे क्यू. त्यात पहिला आकडा वैदिक धर्माला, दुसरा त्यानंतरच्या हिंदू धर्माला, तिसरा जैन, चौथा बौद्ध, पाचवा ज्यू, सहावा ख्रिस्ती आणि सातवा इस्लाम. प्रत्येकाला सारखी, एकेका आकड्याची जागा. ड्युईंच्या कपाटापुढे हे फारच न्याय्य वाटतं, आणि ते आहेही.

तरी नीट पाहा. पहिल्या दोन जागा कुणाला मिळाल्या? शिवाय सगळ्या विषयांच्या रांगेत साधारण मध्यावर, उपयुक्त कला आणि ललित कला यांच्यामध्ये, रंगनाथनांनी ‘आध्यात्मिक अनुभव आणि गूढवाद’ यासाठी एक खास वर्ग ठेवला, आणि त्याला रोमन अक्षर न देता ग्रीक डेल्टाचं चिन्ह दिलं. हे श्रद्धावान मद्रासी ब्राह्मणाच्या मनातलं विश्व आहे. ड्युई अ‍ॅमहर्स्टला बसले होते, रंगनाथन मद्रासला. कुठेच न बसता नकाशा काढणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

एक पुस्तक घेऊन बघू

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्यात आले. त्यांनी मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण रचलं आणि ते 1616 मध्ये राचोल इथे रोमन लिपीत छापलं गेलं. सुमारे 11 हजार ओव्या, घाट पुराणाचा, विषय बायबलचा.

समजा हे पुस्तक तुमच्या टेबलावर आलंय आणि पाठीवर आकडा घालायचाय. मराठी काव्य म्हणून 891.461 दिला तर ते ज्ञानेश्वर-एकनाथांच्या अभ्यासकांच्या वाटेवर येतं. ख्रिस्तचरित्र म्हणून 232 दिला तर ते इंग्रजी धर्मशास्त्राच्या ठोकळ्यांमध्ये जाऊन बसतं, आणि तिथे मराठीचा विद्यार्थी वर्षानुवर्षं फिरकत नाही. बायबलमधल्या कथा म्हणून 220.95 देणाऱ्यालाही चूक म्हणता येत नाही. प्रत कपाटात एकाच जागी राहणार. निर्णय पाच मिनिटांत होतो आणि पुढची पन्नास वर्षं ते पुस्तक कुणाच्या हाती लागणार हे ठरून जातं. मी 891.461 च देईन. यमुनापर्यटन ही बाबा पदमनजींची 1857 ची कादंबरी आपण कादंबऱ्यांत ठेवतो, लेखक ख्रिस्ती होते म्हणून धर्माच्या कपाटात ढकलत नाही. तोच न्याय इथेही लावावा.

ख्रिस्तपुराणाच्या त्या जुन्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुस्तक राहिलं ते हस्तलिखितांमुळे. देवनागरीतलं एक हस्तलिखित लंडनमधल्या मार्सडेन संग्रहात होतं आणि विसाव्या शतकात त्याकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं अमेरिकन मराठी मिशनच्या जस्टिन अ‍ॅबट यांनी. मराठी संतांचं चरित्र आणि काव्य इंग्रजीत नेणारी पुस्तकमाला काढली तीही याच अ‍ॅबटांनी.

विद्वत्तेचा धागा भांडारकरपर्यंत येतो

एकाच ग्रंथाच्या अनेक हस्तलिखितांत फरक असतात. ती शेजारी शेजारी मांडून, कुठल्या प्रतीवरून कुठली उतरवली गेली याचा वंशवृक्ष लावून मूळ पाठाच्या जवळ जायचं, ही पद्धत युरोपात ग्रीक-लॅटिन ग्रंथांवर आणि बायबलच्या नव्या करारावर घासूनपुसून तयार झाली. जर्मन पंडित कार्ल लाखमान यांनी दोन्हींवर काम केलं होतं.

बर्लिनमध्ये शिकून आलेल्या वि. सी. सुखटणकरांनी ही शिस्त 1925 पासून पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला लावली. ती जशीच्या तशी मात्र बसली नाही. महाभारत पाठांतरातून, कीर्तनातून, प्रांतोप्रांतीच्या लिप्यांतून वाढत गेलेलं, तिथे एकच मूळ प्रत गृहीत धरता येईना, म्हणून सुखटणकरांना स्वतःचे नियम बसवावे लागले. काम 1966 मध्ये पुरं झालं. बायबलच्या अभ्यासकांच्या हातचं हत्यार महाभारतासाठी वापरलं म्हणून महाभारत काही ख्रिस्ती झालं नाही, आणि हत्यार परकं म्हणून सुखटणकरांनी ते फेकूनही दिलं नाही. वर्गीकरणाबाबतही मला हाच मार्ग शहाणपणाचा वाटतो.

श्रद्धाळू ग्रंथपाल पक्षपात करणार नाही का?

ही शंका रास्त आहे आणि ती कुठल्याही धर्माच्या ग्रंथपालाबद्दल घेता येते. पण सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या संस्थेत, ग्रंथालय कसं चालतं ते पाहिलं तर ती थोडी सैल होते. विरोधकाचं म्हणणं त्याच्याच शब्दांत वाचल्याशिवाय धर्मशास्त्राचा अभ्यास होत नाही.

नीलकंठशास्त्री गोरे यांचंच बघा. काशीत वाढलेले हे चित्पावन पंडित. मिशनऱ्यांच्या मतांचं खंडन करणारा शास्त्रतत्त्वविनिर्णय हा संस्कृत ग्रंथ त्यांनी 1844-45 च्या सुमारास लिहिला. 1848 मध्ये तेच ख्रिस्ती झाले आणि पुढे षड्दर्शनदर्पण लिहून त्यांनी हिंदू दर्शनांवर टीका केली. पुण्याच्या पंचहौद मिशनशी त्यांचा संबंध होता आणि पंडिता रमाबाईंच्या विचारांवरही त्यांचा प्रभाव पडला. आता ज्या ग्रंथालयात फक्त दुसरा ग्रंथ आहे, तिथे गोरे अर्धेच भेटतात. ज्या ग्रंथालयात फक्त पहिला आहे, तिथेही अर्धेच. श्रद्धा पक्की असलेला ग्रंथपाल दोन्ही ठेवतो, कारण वाद खरा आहे असं त्याला वाटत असतं.

धोका असतो तो बाहेरून न दिसणाऱ्या जागी: खरेदीच्या यादीत, रद्दीत काढायच्या गठ्ठ्यात, विषयाच्या शीर्षकात. अमेरिकेतल्या काँग्रेस ग्रंथालयाच्या विषयसूचीत नुसतं ‘गॉड’ म्हटलं की ख्रिस्ती देव असा अर्थ घेतला जाई आणि इतरांच्या देवांपुढे कंसात धर्माचं नाव लागे. हे पुढे सुधारलं, पण त्यासाठी सँफर्ड बर्मन यांच्यासारख्या ग्रंथपालांना 1970 च्या दशकापासून भांडावं लागलं.

मग ड्युई बदलून का टाकत नाहीत?

पन्नास हजार पुस्तकांच्या पाठीवरच्या चिठ्ठ्या, दाखल नोंदवहीतल्या नोंदी आणि संगणकातल्या याद्या बदलायला माणसं लागतात, पैसा लागतो, आणि तोवर वाचक खोळंबतो. हे खरं कारण आहे. वैचारिक कारणं नंतर सुचतात.

तरी वाटा आहेत. ड्युईंच्याच धर्तीवर ब्रसेल्समध्ये तयार झालेल्या सार्वत्रिक दशांश वर्गीकरणाने 2000 मध्ये धर्माचं पूर्ण दालन नव्याने मांडलं. तिथे भारतीय उपखंडातले धर्म 23, बौद्ध 24, ज्यू 26, ख्रिस्ती 27, इस्लाम 28. ड्युई पद्धतीतही स्थानिक धर्माला ऐसपैस जागा देण्याचे पर्याय छापलेले आहेत, फक्त आपण ते सहसा वापरत नाही.

‘आता सगळं सर्च करून मिळतं, कपाटाचं काय एवढं?’ असंही विचारलं जातं. सर्चला जे माहीत आहे तेच मिळतं. कपाटापाशी उभं राहिलं की शेजारचं, न मागितलेलं पुस्तक हाताला लागतं, आणि शेजारी कोण असणार हे वर्गांक ठरवतो. शिवाय संगणकातली यादीही कुणीतरी भरलेलीच असते. त्यात लेखकाचं नाव तिलक, टिळक, टिळक रेव्हरंड अशा तीन तऱ्हांनी पडलं असेल तर ना. वा. टिळकांच्या कविता तीन ठिकाणी विखुरतात.

पुण्यात हे साहित्य शोधायचं असेल तर

मराठी ख्रिस्ती साहित्य पुण्यात दोन जगांत वाटलं गेलंय. एकीकडे पुणे नगर वाचन मंदिर (स्थापना 1848), पुणे मराठी ग्रंथालय, विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय. दुसरीकडे नगर रस्त्यावरचं ज्ञानदीप विद्यापीठ आणि 1983 मध्ये यवतमाळहून बिबवेवाडीला आलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी. मराठीचा विद्यार्थी पहिल्या जगात फिरतो आणि दुसरं आपल्यासाठी नाहीच असं धरून चालतो. सेमिनरीतला विद्यार्थी नेमकं उलट करतो. ज्ञानदीपला तत्त्वज्ञान शिकवणारे बेल्जियन जेझुइट रिचर्ड द स्मेत यांची ख्याती शांकर वेदान्ताचे अभ्यासक म्हणून होती, हे पेठेतल्या किती जणांना ठाऊक असेल?

आधी फोन करून, काय हवंय ते नेमकं सांगून जा. संशोधन-ग्रंथालयात कुठेही हीच रीत. कपाटं एकाच आकड्यापाशी शोधू नका. साहित्यासाठी 891.46 पासून सुरुवात करा, मिशनच्या कामासाठी 266, भारतातल्या ख्रिस्ती समाजाच्या इतिहासासाठी 275.4. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं, केडगावला मुक्ती मिशनच्या छापखान्यात तिथल्या बायकांनी छापलेलं मराठी बायबल भाषांतरांच्या 220.5 मध्ये सापडेल. त्यांची चरित्रं मात्र कुठे समाजसुधारकांत, कुठे स्त्रीप्रश्नात, कुठे 266 मध्ये. 1842 मध्ये नगरहून सुरू झालेल्या ज्ञानोदयचे जुने अंक हवे असतील तर धर्माच्या कपाटाकडे जाऊच नका, नियतकालिकांच्या बांधीव खंडांची वेगळी नोंदवही असते, ती मागा.